१४०व्या पानावरची परेड

मावशी,

तुमच्याकडे सासूच्या, नणंदेच्या, नवऱ्याच्या तक्रारी येतात. माझी तक्रार एका पुस्तकाबद्दल आहे, हसू नका. आम्ही चौघी मैत्रिणी रविवारी सकाळी कमाटीबागेत फिरायला जातो आणि मग शेव-उसळ खात बसतो. गेल्या वर्षी एकीनं टूम काढली, नुसत्या गप्पा पुरे, टॉलस्टॉयची ‘वॉर अँड पीस’ वाचू या. मी शाळेच्या ऑफिसात काम करते. घरी नवरा, आठवीतला मुलगा आणि सासरे. पुस्तक इंग्रजी, तेराशे पानांचं. तीनदा सुरू केलं. तिन्ही वेळा १४०व्या पानाच्या आसपास, जिथे लढाईचा भाग लागतो आणि सैनिकांची परेड येते, तिथेच अडकले. शेवटी ऑड्री हेपबर्नचा सिनेमा बघितला. आवडला. ते सांगितलं तर आमच्यातली एक (तिनं कॉलेजात असताना पूर्ण वाचलंय म्हणे) म्हणाली, “ही तर कॉपी झाली.” घरी सासरे वेगळेच तापले. त्यांच्या उशाशी गोवर्धनराम त्रिपाठींची गुजराती कादंबरी ‘सरस्वतीचंद्र’ असते. म्हणाले, “फिल्लम बघून कादंबरी कळत असती तर गोवर्धनरामांनी चौदा वर्षं कशाला घालवली?” डोळ्यांमुळे हल्ली ते स्वतः काही वाचत नाहीत, पण ते पुस्तक जागचं हललेलं त्यांना चालत नाही.

तर प्रश्न असे. पुस्तक सोडून देऊ का? आधी सिनेमा बघितला हे चुकलं का? आणि आता गटात पुस्तक नि सिनेमाची तुलना करायची ठरली आहे, तर दोन्हींत श्रेष्ठ कोण हे कसं ठरवायचं?

– १४०व्या पानावर अडकलेली, दांडिया बाजार, वडोदरा

*

सस्नेह नमस्कार.

सिनेमा बघितलात ते छान केलंत. कॉपी परीक्षेत होते, आणि तुमची परीक्षा घ्यायला त्या मैत्रिणीला कुणी नेमलेलं नाही. तिचा विषय इथेच मिटवू.

आता तुमची परेड. तुम्ही कुठे अडकलात ते वाचून मला हसूच आलं, कारण तुमच्यासारखीनं त्या जागी तरी अडकायला नको होतं. मला वाटतं, तुम्ही लढाईला घाबरून थांबलात, ती परेड नीट वाचलीच नाहीत. काय आहे तिथे? साल १८०५, ऑक्टोबर महिना, ऑस्ट्रियातलं ब्राउनाउ. एक रशियन पलटण लांबची मजल मारून दमून पोचली आहे. सरसेनापती कुतुझोव तपासणीला येणार असा निरोप येतो. पलटणीचा प्रमुख ठरवतो, कमी पडायला नको, पूर्ण गणवेशात उभं राहू. सैनिक रात्रभर जागून कपडे शिवतात, बटणं घासतात. सकाळी सगळे चकाचक उभे, आणि तेवढ्यात नवा निरोप येतो : साहेबांना पलटण जशी चालत आली तशीच बघायची आहे, ओव्हरकोटात, पाठीवर सामान घेऊन. म्हणजे पुन्हा सगळं बदला! कारण कुतुझोवला सोबत आलेल्या ऑस्ट्रियन सेनापतीला दाखवायचं असतं, की बघा माझ्या माणसांचे हाल, बघा त्यांच्या पायातले फाटके बूट.

बाई, तुम्ही शाळेच्या ऑफिसात आहात. तपासणीच्या आदल्या दिवशी रजिस्टरं नव्यानं कशी लिहिली जातात, भिंतीवर तक्ते कसे चढतात आणि ऐन वेळी साहेबांचा मूड फिरला की काय धावपळ होते, हे टॉलस्टॉयपेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक. त्याच रांगेत निळसर कोटात एक शिपाई उभा आहे, दोलोखोव. तो तुमच्या ओळखीचा आहे. पोलिसाला अस्वलाच्या पाठीशी बांधून पाण्यात सोडणारी जी टारगट पोरं तुम्ही आधी वाचलीत, त्यांतलाच हा. त्या वात्रटपणाची शिक्षा म्हणून त्याचा हुद्दा काढून घेतलाय. म्हणजे पीटर्सबर्गचे दिवाणखाने मागे पडले असं वाटतं तेव्हाच तिथला एक जण इथे चिखलात उभा असतो. लढाई म्हणजे दुसरं पुस्तक नव्हे, आधीचीच माणसं तिथे जातात. ही चार पानं आज रात्रीच वाचा.

आणि एक सक्त सूचना : पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करायचं नाही. जाड पुस्तकं इथेच घात करतात. थांबलो की अपराधी वाटतं, अपराधी वाटलं की ‘आता नीट पहिल्यापासून’ असं ठरतं, आणि पहिली शंभर-दीडशे पानं पाठ होऊन पुढची कोरीच राहतात. मीही हे पुस्तक तीनदा सुरू केलं होतं. मॉस्कोहून छापून आलेली स्वस्त पुस्तकं प्रदर्शनात मिळायची, त्यातलं माझं. सुरुवातीच्याच पानांवरच्या त्या अ‍ॅना पाव्हलोव्हनाच्या मेजवानीला मी इतक्यांदा जाऊन आले, की तिथले पाहुणे माझ्या माहेरच्या नातेवाइकांइतके परिचयाचे झाले. चौथ्या खेपेला मात्र जिथे खूण होती तिथूनच पुढे गेले. काही नावं विसरले होते. काही बिघडलं नाही, टॉलस्टॉय आठवण करून देतो.

नावांवरून आठवलं. रशियन नावांचा बाऊ करणाऱ्यांमध्ये तुम्ही नसाल अशी आशा आहे, पण असलात तर ऐका. नायिका नताशा, तिचं पूर्ण नाव नताल्या इलिनिच्ना रोस्तोवा. वडिलांचं नाव इल्या, म्हणून मधे इलिनिच्ना. म्हणजे आपल्या फॉर्मवर मधल्या रकान्यात वडिलांचं नाव असतं, तसंच. प्योत्र किरिलोविच म्हणजे किरिलचा मुलगा, आपला पियेर. ही पद्धत इंग्रजांना कळायला जड, पण मराठी आणि गुजराती माणसाला ती शिकवावी का लागते? घरात एकाच माणसाला बायको ‘अहो’ म्हणते, भावंडं ‘बाळ्या’ म्हणतात, शेजारचे ‘भाई’ लावतात, आणि लाइटबिलावर चौथंच काही असतं. आपण गोंधळतो का? फक्त एक बघून ठेवा. तुमच्या पुस्तकात प्रिन्स अँड्र्यू, निकोलस, मेरी अशी नावं असतील, तर ते लुईस आणि एल्मर मॉड या नवराबायकोच्या जुन्या भाषांतराचं असण्याचा संभव आहे. त्यांनी बरीच नावं इंग्रजी वळणाची केली. दुसऱ्या भाषांतरात तेच आंद्रेई, निकोलाय असतात. चौघींकडे चार भाषांतरं असतील तर चर्चेत नुसतं ‘हा कोण, तो कोण’ चालतं.

आता वेळेचं. पुस्तकात उपसंहार धरून एकूण ३६१ प्रकरणं आहेत. बहुतेक प्रकरणं तीन-चार पानांची. रोज एक वाचलं तर वर्ष, आणि वर दिवाळीचे चार दिवस सुट्टी. तुमची पहिली पंचवीस झाली आहेत. म्हणजे तुम्ही मागे नाही आहात, पंचवीस दिवस पुढे आहात. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एक प्रकरण होतं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. यापेक्षा जास्त उपदेश फोनबद्दल मी करत नाही, कारण माझाच माझ्या उशाशी असतो.

‘वर्षभर एकच पुस्तक?’ असं मनात आलं ना? पण हे पुस्तक एका बैठकीत वाचावं म्हणून लिहिलेलंच नव्हतं. १८६५पासून ते ‘रूस्की वेस्तनिक’ या मासिकात हप्त्याहप्त्यानं यायला लागलं, आणि पूर्ण हातात पडलं ते १८६९ साली. पहिल्या वाचकांनी मधल्या काळात लग्नं केली, बारशी केली, माणसं पोचवली, आणि परत नताशाकडे आले. तुमचे सासरे ज्या चौदा वर्षांचं बोलले त्याचं गणितही तेच. ‘सरस्वतीचंद्र’चा पहिला भाग १८८७चा, दुसरा १८९२चा, तिसरा १८९८चा आणि चौथा १९०१चा. ज्या मुलीनं पहिला भाग लपूनछपून वाचला असेल, तिनं चौथा वाचला तेव्हा तिची स्वतःची मुलगी शाळेत जात असेल. आपल्या ‘श्यामची आई’तही साने गुरुजींनी ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ असे भाग पाडले. एका रात्री जेवढं सांगून होईल, ऐकून होईल, तेवढंच. आपणच आता सगळं गोणीसारखं घरी आणतो आणि उचलत नाही म्हणून रडतो.

गोणीवरून एक कबुली देते. मी माझं पुस्तक सुरीनं कापलं. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणारी मी, पण झोपून वाचताना ते दोनदा तोंडावर पडलं, तेव्हा उठून चार तुकडे केले आणि रावपुऱ्यात एका बाइंडिंगवाल्याकडून पुठ्ठे घालून घेतले. आई महिनाभर नीट बोलली नाही. पण कापलेला तुकडा पर्समध्ये मावतो, रिक्षात वाचता येतो, आणि एक तुकडा संपला की काहीतरी संपवल्यासारखं वाटतं. तुमचं स्वतःचं पुस्तक असेल तर विचार करा. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीचं असेल तर अर्थातच नको!

लायब्ररीचा विषय निघालाच आहे तर थोडं विषयांतर. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन माणसाला ग्रंथालयांच्या कामासाठी बडोद्याला आणलं. त्या खात्यातून गावोगाव पुस्तकांच्या पेट्या जायच्या. एका गावानं वाचून झालं की पेटी दुसऱ्या गावाला. हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्याच खात्याची एक दृश्यशिक्षणाची शाखा होती. ती मॅजिक लँटर्न आणि सिनेमा घेऊन खेड्यांत जायची. पुस्तकाची पेटी नि पडदा एकाच सरकारी खात्यातून निघत होते, आणि महाराजांना त्यात काही बाटल्यासारखं वाटलं नाही. तुमच्या गटात पुन्हा ‘कॉपी’चा विषय निघाला तर हे सांगा.

आता सिनेमा. तुम्ही पाहिलात तो किंग व्हिडोरचा १९५६चा. साडेतीन तासांच्या जवळपास. त्यातली ऑड्री हेपबर्न नताशा म्हणून डोळ्यांपुढून हलत नाही हे मला मान्य आहे, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पण पियेर झालेला हेन्री फोंडा तुम्ही डोक्यातून काढून टाका. सडसडीत, शांत, समजूतदार माणूस तो. पुस्तकातला पियेर जाडा, अवजड, चष्मा लावणारा. दिवाणखान्यात कुठे उभं राहावं, कधी निघावं हे न कळणारा. एखाद्या लग्नात आहेराचं पाकीट हातात धरून स्टेजच्या मधोमध अडकलेला भाचा असतो ना, तसा. त्याच्या त्या धांदरटपणावर पुढची हजार पानं उभी आहेत. देखणा नट घेतला की ते सगळं जातं.

दुसरा सिनेमा सर्गेई बोंदार्चुकचा, सोव्हिएत. १९६६-६७ साली चार भागांत आला, एकूण सात तासांहून मोठा. परदेशी भाषेतल्या चित्रपटाचं ऑस्करही त्याला मिळालं. पियेरचं काम दिग्दर्शकानं स्वतःच केलं, आणि गंमत म्हणजे विशीतल्या पियेरचं काम करताना तो चाळिशी ओलांडून गेला होता. तरी मला हा पियेर पटतो, कारण तो अवघडलेला दिसतो. वय लपत नाही, पण अवघडलेपणाही लपवलेला नाही. तुलना करायची तर या सिनेमाशी करा. ऑड्रीला राहू द्या तुमच्या मनात.

आणि तुलना कशी? ‘श्रेष्ठ कोण’ या प्रश्नावर मी तुमच्या गटात बंदीच घालीन. त्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना आधीच माहीत असतं, ‘पुस्तक’. ते एका सुरात म्हणून झालं की शेव-उसळीशिवाय काही उरत नाही. सिनेमावाला हाही तुमच्या-माझ्यासारखा एक वाचक. त्यानं कुठे पान दुमडून ठेवलं, काय गाळलं, कुठे रेंगाळला, एवढंच बघायचं. पूर्ण पुस्तक आणि पूर्ण सिनेमा समोरासमोर ठेवू नका, हाती काही लागत नाही. एक प्रसंग घ्या.

दोन प्रसंग मी सुचवते. पहिला, नताशाचं पहिलं बॉल, म्हणजे नाचाचा समारंभ. पुस्तकात आपण तिच्या डोक्याच्या आत असतो. सगळे नाचायला लागलेत, हिला कुणी विचारलेलं नाही, आणि ही भिंतीशी उभी राहून हसू आणि रडू दोन्हींची तयारी ठेवून आहे. मग पियेर आंद्रेईला सांगतो, तिला विचार. बोंदार्चुकच्या सिनेमात हा प्रसंग टिपताना कॅमेरामननं पायात रोलर स्केट घातले होते आणि नाचणाऱ्यांमधून तो कॅमेरा हातात घेऊन फिरला. पडद्यावर जे गरगरतं ते टॉलस्टॉयच्या वाक्यांत नाही. माझं मत विचाराल तर हा प्रसंग सिनेमानं जिंकला. चिडा हवं तर.

दुसरा प्रसंग ओकच्या झाडाचा, आणि तो मला जास्त जवळचा. १८०९चा वसंत. आंद्रेई गाडीतून चाललाय. सगळं जंगल हिरवं झालंय, आणि मधे एक म्हातारा ओक उभा आहे, फांद्या मोडलेल्या, सालीवर जुन्या जखमा, एक पान नाही. आंद्रेईला वाटतं, याचंच खरं आहे, आपलं आयुष्य झालं. मग रोस्तोवांच्या घरी रात्री वरच्या खिडकीतून नताशाचा आवाज येतो, चांदण्यात उडून जावंसं वाटतंय म्हणणारा. जूनमध्ये तो त्याच वाटेनं परततो, आणि झाड ओळखूच येत नाही. गच्च पालवलेलं. आणि त्याला वाटतं, एकतिसाव्या वर्षी आयुष्य संपत नाही.

बोंदार्चुकच्या सिनेमातही झाड आहे. झाड दिसतं, आंद्रेईचं मनोगत ऐकू येतं, सुंदर दिसतं. पण माझा हिशेब बघा. आंद्रेई ऑस्टरलित्झच्या लढाईत जखमी होऊन पडतो आणि वरचं उंच आकाश बघतो, ते ओळीनं मोजलं तर ६२वं प्रकरण. ओक पालवतो ते १०५वं. मधे त्याची बायको बाळंतपणात जाते, तो शेतीवाडीवर गप्प बसून दिवस काढतो. आता समजा, वासी उत्तरायण (संक्रांतीचा दुसरा दिवस) झाली, बोटांवरचे मांज्याचे काप भरायला लागले, आणि १६ जानेवारीला तुम्ही २६वं प्रकरण उघडलंत. रोज एक. तर आकाश तुम्हाला २१ फेब्रुवारीला भेटेल आणि ओकची पालवी ५ एप्रिलला. मधले ४३ दिवस तुम्हीही आंद्रेईसारख्या कोरड्या जाल. मुलाच्या परीक्षा, शाळेचं वर्षअखेरीचं काम, उन्हाळा. आणि पाडव्याच्या आगेमागे कमाटीबागेत कडुनिंबाला नवी पानं आलेली असताना तुम्ही ते प्रकरण वाचाल. हे त्रेचाळीस दिवस कुठला दिग्दर्शक कुठून आणणार? त्याच्याकडे सात तास होते आणि तरी लोक म्हणाले, फार लांबवलं. कादंबरी जाड का असते, याचं मला सुचलेलं उत्तर एवढंच आहे. गोष्ट सांगायला तेराशे पानं लागत नाहीत, ती तर व्हिडोरनं साडेतीन तासांत सांगितली.

म्हणून बोंदार्चुकचे चार भाग एका रविवारी बसून संपवू नका. पहिला भाग आंद्रेईच्या नावाचा आहे, तो ओक पालवल्यावर बघा. दुसरा नताशाचा, तो कादंबरीचा दुसरा खंड संपल्यावर. तिसरा १८१२चा, त्यात बोरोदिनोची लढाई आहे आणि पडद्यावर हजारो खरे सैनिक आहेत. तो बोरोदिनो वाचून झाल्यावरच. चौथा शेवटी. म्हणजे सिनेमा पुस्तकाच्या मागून चालेल.

गाळायचं काय, हेही विचारलं असतंत तर बरं झालं असतं. न विचारता सांगते. उपसंहाराचा दुसरा भाग, शेवटची बारा प्रकरणं, म्हणजे इतिहास कसा घडतो यावरचा निबंध. पहिल्या वाचनात सोडा. तिसऱ्या खंडात लढाईच्या मधे टॉलस्टॉय नेपोलियनशी वाद घालायला थांबतो, तिथे भरभर पुढे गेलात तर चालेल. शिकारीनंतर नताशा काकांच्या घरी नाचते तो भाग मात्र सोडलात तर मी तुमच्याशी बोलणार नाही.

एक सावधगिरी. सिनेमा नेहमी पुस्तक कापतोच असं समजू नका. शरदबाबूंचा ‘देवदास’ बघा. केवढीशी कादंबरी ती! १९५५ला बिमल रॉय, २००२ला भन्साळी. भन्साळीच्या सिनेमात पारो आणि चंद्रमुखी एकत्र नाचतात, सगळ्या देशानं बघितलं. कादंबरीत त्या दोघी एकमेकींना भेटतच नाहीत. उलट ‘सिंहासन’साठी डॉ. जब्बार पटेल आणि तेंडुलकरांनी अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’, एकत्र वळून १९७९ला एक सिनेमा केला. टॉलस्टॉय संपला की गटाला पुढे हे घ्या. दोन्ही पुस्तकं वाचून मग सिनेमा बघायचा, आणि शिवण कुठे दिसते ते शोधायचं.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यांत जास्त रुतलेली ओळ. ती तुम्ही जाता जाता लिहिलीत. ‘डोळ्यांमुळे हल्ली ते स्वतः काही वाचत नाहीत, पण ते पुस्तक जागचं हललेलं त्यांना चालत नाही.’

बाई, तुमचे सासरे ‘फिल्लम’वर तापलेले नाहीत. सुनेनं पुस्तक हातात घेतलं आणि सोडलं, आणि आपल्याला घेताच येत नाही, यावर तापलेत. त्यांना ‘चंदन सा बदन’ गुणगुणता येतं का ते हळूच ऐका. १९६८चा तो सिनेमा, गोविंद सरैयांचा, नूतन नायिका कुमुद झालेली, कल्याणजी-आनंदजींचं संगीत. त्यांच्या पिढीतल्या फार थोड्या माणसांना ती गाणी येत नसतील. सिनेमानं कादंबरीतलं प्रेम आणि कुमुदचं दुःख उचललं. रत्ननगरीचा राज्यकारभार, सरस्वतीचंद्राचे कल्याणग्रामचे मनोरथ, हे कृष्णधवल अडीच-तीन तासांत बसणारंच नव्हतं. बाबांचा राग त्या गाळलेल्या भागाबद्दल असेल तर तो रास्त आहे, आणि त्यांच्याकडून ऐकण्यासारखा आहे.

तुम्हाला गुजराती वाचता येत असणार. दांडिया बाजारात राहून दुकानांच्या पाट्या, शाळेचे कागद वाचताच की. शिरोरेघ नाही एवढंच. जुनी संस्कृतप्रचुर गुजराती आहे, अडखळाल. अडखळा. जेवणं झाल्यावर पंधरा मिनिटं त्यांच्या पलंगाशी बसून मोठ्यानं वाचा. चुकलात की ते दुरुस्त करतील, आणि दुरुस्त करायला मिळणं हे त्यांच्या वयात औषधापेक्षा बरं लागतं. गोवर्धनराम वकिली सोडून नडियादला जाऊन बसले आणि लिहीत राहिले. नडियाद तुमच्यापासून ट्रेननं तासाभरावर. ते बाबांना विचारा, कदाचित त्यांच्याकडे तिथल्या गोष्टी असतील.

‘म्हणजे आता दोन जाड पुस्तकं?’ हो. सकाळी कुकरशी एक, रात्री पलंगाशी एक. सकाळचं एकटीचं आणि रात्रीचं दोघांचं. एक थांबलं तर दुसरं चालू राहतं. मी करून पाहिलंय, एकापेक्षा दोन सोपी जातात.

कुठून सुरू करायचं हे मात्र पहिल्या भागावर अडून बसू नका. दुसरा भाग ‘गुणसुंदरीनी कुटुंबजाळ’. कुमुदची आई गुणसुंदरी, तिचं भरलं घर, सासरची माणसं, रुसवेफुगवे, आणि सगळ्यांना सांभाळून घेत स्वतःचं डोकं जागेवर ठेवणारी एक सून. हा भाग तुम्ही बाबांना वाचून दाखवत असताना स्वयंपाकघरातून तुमच्या नवऱ्याचे कान इकडे लागले नाहीत तर मला कळवा.

त्यांच्या उशाशी आहे तो नेमका कितवा भाग, तेही बघून कळवा. दुसराच असेल तर आज रात्री तो जागचा हलवायला लागणार नाही.

– तुमची मावशी